पेंगुळ्याचा आठवडा

“अरे, झोप की! झोप म्हटलं ना! तो एवढा जागा नसतो!”

धाकटे सर मैदानाच्या कडेवरून ओरडले, तशी झेरॉक्सने मान खाली टाकली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि पाय ओढत तो डाव्या रेषेकडे निघाला. चेहऱ्यावर नुकत्याच भरपेट जेवलेल्या माणसाची सुस्ती. मुख्य संघाचे दोन बचावपटू त्याच्यावर नजर ठेवून होते. त्यातल्या एकाने क्षणभर बॉल कुठे आहे ते पाहिलं आणि तेवढ्यात झेरॉक्स त्याच्या बगलेतून सुटला. डाव्या पायाने बॉल पुढे, खांदा आत, आणि गोलकीपरचा हात वर जाईपर्यंत बॉल जाळीत.

“हां! हाच तो! हाच पेंगुळ्या!” धाकटे सर टाळ्या पिटत आत आले. बचावपटूंकडे वळताच त्यांचा आवाज चढला. “बघितलंत? तो पेंगतो तेव्हा तुम्ही पेंगायचं नाही. रविवारी खरा येणार आहे. तो काही तुमच्यासाठी परत करून दाखवणार नाही. चला, पुन्हा.”

पेंगुळ्या हे त्या खेळाडूचं नाव नव्हे. रविवारी ज्यांच्याशी गाठ होती त्या संघातला तो सगळ्यात महागडा गडी. त्याचं खरं नाव पोरंसोरं शर्टावर छापून मिरवायची. पण या मैदानावर दर आठवड्याला असा एक नवा पाहुणा यायचा आणि त्याचं नामकरण धाकटे सर करायचे. मागच्या आठवड्यात टकल्या होऊन गेला, त्याच्या आधी लांबट्या. रीत ठरलेली होती. सोमवारी समोरच्या संघाचे व्हिडिओ बघायचे आणि मंगळवारपासून राखीव खेळाडूंनी त्या संघाचं सोंग घ्यायचं, म्हणजे मुख्य संघाला सराव मिळतो. राखीवातला प्रत्येक जण कुणी ना कुणी व्हायचा, पण सगळ्यात अवघड माणूस कायम एकाच्याच वाट्याला यायचा. तो इतका हुबेहूब वठवायचा की सोबत्यांनी त्याला झेरॉक्स म्हणायला सुरुवात केली, आणि आता तर फाटकावरचा वॉचमनही तीच हाक मारतो. आपणही तेच म्हणू. त्याला त्याचं वाईट वाटायचं केव्हाच थांबलंय.

क्लबात आला तेव्हा मात्र असलं काही म्हणायची कुणाची टाप नव्हती. अठराव्या वर्षी सात वर्षांचा करार! एवढ्या कोवळ्या पोराशी एवढा लांबचा करार क्लबाने तोवर केला नव्हता. का करतात, तर पोरगं उद्या मोठं झालं आणि दुसऱ्याच कुणी पळवलं तर पंचाईत नको म्हणून. पोरगं मोठं झालंच नाही तर काय, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. आनंदाच्या वेळी असलं कोण विचारतो? सगळी बोलणी मामाने केली. मामा बस डेपोत हेडक्लार्क होता आणि जगातल्या सगळ्या गोष्टी तो नोकरीच्या हिशेबाने बघायचा. “सात वर्षं म्हणजे पक्की नोकरी समजा, भाऊजी,” तो बाबांना म्हणाला होता. “कुणाचा बाप काढू शकत नाही याला.” मामाचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. कुणी काढलं नाही.

पहिलं वर्ष गुडघ्याने खाल्लं. दुसऱ्या वर्षी ज्या कोचने त्याला हौसेने आणलं होतं तेच गेले, आणि नव्यांनी येताना आपली माणसं बरोबर आणली. मग दोनदा त्याला दुसऱ्या संघांना उसना दिला. तिथे त्याच्यावर मेहनत घ्यायची कुणाला गरज वाटली नाही, कारण उसन्या छत्रीची काडी कोण दुरुस्त करत बसतो? परत आला तेव्हा त्याच्या जागेवर तिसराच कुणी खेळत होता. कुणीतरी मागितला तर क्लब नाही म्हणायचा, कारण अजून करार बाकी होता, आणि कुणी मागायचं थांबलं तेव्हाही करार बाकीच होता. अशात एका आठवड्यात सोंगासाठी माणूस कमी पडला. त्याने सहज म्हणून उभं राहून दाखवलं आणि मोठे सर, म्हणजे मुख्य कोच, पहिल्यांदाच थांबून म्हणाले, “हा कोण?” त्या दोन शब्दांनी तो इतका सुखावला की पुढच्या आठवड्यात त्याने दुप्पट जीव ओतला. तिथेच फसला.

त्या मंगळवारी सराव संपल्यावर धाकट्या सरांनी त्याला बाकावर बोलावलं. माणूस वाईट नव्हता आणि खरी अडचण तीच होती. त्यांच्यावर धड रागवताही यायचं नाही.

“बस. दोन गोष्टी सांगायच्यात. एक चांगली आहे आणि दुसरीही तशी चांगलीच आहे.”

“सांगा, सर.”

“क्लब तुझा करार वाढवतोय. आणखी चार वर्षं. मोठे सर स्वतः म्हणाले, हा पोरगा मला हवाय.”

“खेळायला?”

धाकट्या सरांनी बुटाची नाडी सोडली, परत बांधली. “तू जे करतोस ते दुसऱ्याला जमत नाही रे. त्यालाही खेळणंच म्हणतात.”

झेरॉक्स वाकून मोजे खाली सरकवायला लागला.

“आणि दुसरी. खालच्या लीगमधले ते म्हातारे कोच, त्यांचा फोन आला होता. शनिवारी राखीव संघाची मॅच बघायला येतायत. म्हणजे तुलाच बघायला. त्यांना पुढे खेळणारा माणूस पाहिजे, तोही लगेच. तू पसंत पडलास तर मोठे सर सोडतील, शब्द दिलाय त्यांनी. तिथे दर रविवारी तू पहिल्या अकरात असशील.” ते उठले, दोन पावलं गेले आणि परत आले. “खोटं कशाला बोलू, मला तू इथेच हवायस. पण शनिवारी जीव तोडून खेळ. करारावर सोमवारपर्यंत काय ते सांग.”

घरी बायको किटलीच्या तळाला बसलेला पांढरा थर चमच्याने खरवडत होती. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि घरी आल्यावरही तिचा हात असाच चालायचा. त्याने दारातच सगळं सांगून टाकलं.

“मग जाऊ या की!” ती म्हणाली.

“लहान गाव आहे ते. तुझ्या नोकरीचं काय?”

“दात लहान गावातही किडतात. माझं मी बघते.”

“आणि नाही आवडलो त्यांना तर?”

“तर आहेच की तुझा पेंगुळ्या.” ती हसली, मग त्याचा चेहरा पाहून तिने किटली खाली ठेवली. “ए, चेष्टा केली रे. पण खरं सांगू? लग्न झाल्यापासून मी तुला एकदाही धड मॅच खेळताना पाहिलेलं नाही. दवाखान्यात विचारतात, तुझा नवरा कसा खेळतो गं? मी काय सांगू त्यांना? म्हणाल त्याच्यासारखा खेळतो, असं सांगू?”

“शनिवारी येशील?”

“येणार म्हणजे काय! अर्धी रजा टाकते.”

तेवढ्यात मामाचा फोन आला. त्याला बातमी कुठून लागली कोण जाणे. “चार वर्षं देतायत ना? डोळे मिटून सही कर. त्या म्हाताऱ्याच्या नादी लागू नकोस, तो संघ आज आहे आणि उद्या नाही.”

“तिथे खेळायला मिळेल, मामा.”

“खेळायला मिळेल! अरे, इथे तुला न खेळता मिळतंय सगळं. लोक नशीब काढतात बाबा एकेक.”

झेरॉक्सच्या मनात आलं होतं की शुक्रवारी तरी सरावातून सुट्टी मागावी. एक दिवस स्वतःचा बॉल घेऊन कुठेतरी एकट्यानेच खेळावं. पण बचावपटू अजून फसत होते, धाकटे सर हवालदिल झाले होते आणि याच्या तोंडातून सुट्टीचा शब्द निघेना. उलट शुक्रवारी नेहमीपेक्षा जास्त वेळ तो पेंगत राहिला. नाही म्हणायची कला त्याला कुणी शिकवलीच नव्हती, करारात तर तसं कलमच नव्हतं.

शनिवारी प्रेक्षक म्हणजे खेळाडूंच्या घरची माणसं, काही रिकामटेकडे पेन्शनर आणि सगळ्यात वरच्या पायरीवर तपकिरी स्वेटर घातलेला एक म्हातारा, शेजारी थर्मास. बायको खाली कठड्याला टेकून उभी होती. मैदानात उतरण्याआधी राखीव संघाच्या गोलकीपरने सगळ्यांना गोल करून उभं केलं. “ऐका. आज जेवढे बॉल देता येतील तेवढे याला द्यायचे. याला इथून बाहेर काढायचंय.” सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाच्या मनात पाप नव्हतं. त्याच्यावर सगळ्यांचाच जीव होता.

आणि त्यांनी दिलेही. पहिला बॉल आला तो डाव्या रेषेवर, डाव्या पायात. दुसरा तसाच. तिसराही तिथेच. झेरॉक्स मुळात उजव्या पायाचा. पण आठवडाभर हे सगळे पेंगुळ्याचे सोबती झाले होते आणि पेंगुळ्याला बॉल कुठे द्यायचा हे त्यांच्या पायांत बसलं होतं. मनाने ते मित्राला मदत करत होते, पाय आपली सवय चालवत होते. त्याचेही पाय काही वेगळे नव्हते. बऱ्याच वेळाने त्याच्या ध्यानात आलं की आपण मान खाली टाकून, कमरेवर हात ठेवून उभे आहोत. तो दचकला आणि उगाचच इकडून तिकडे धावून आला. थोड्या वेळाने पाहतो तर हात परत कमरेवर.

हाफटाइम व्हायच्या आधी समोरच्या बचावपटूला हा गडी झोपेतच आहे असं वाटलं आणि त्याने पाठ फिरवली. झेरॉक्स सुटला. डाव्या पायाने बॉल पुढे, खांदा आत, गोल. सगळे त्याच्या अंगावर कोसळले. “पेंगुळ्याऽऽ! अरे, काय मारलास पेंगुळ्या!” तोही त्यांच्याबरोबर हसत होता. मग त्याने मान वळवून पाहिलं. बायको दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होती. वरच्या पायरीवरचा म्हातारा थर्मासचं झाकण लावत होता.

“मला उजवीकडे द्या,” दुसऱ्या हाफआधी त्याने सोबत्यांना विनवलं. “नाहीतर मधे द्या. डावीकडे नको.” त्यांनी प्रयत्न केला. उजवीकडे बॉल आला तेव्हा त्याने शरीर एका बाजूला झुकवून दुसऱ्या बाजूने बॉल काढला, आणि काढता काढताच त्याला कळलं की हे मागच्या आठवड्यातलं आहे, टकल्याचं. मधे मिळाला तेव्हा लांबट्या आला. मॅच जिंकले. बाहेर पडताना सोबत्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या आणि विचारलं, झालं ना काम?

म्हातारा पायऱ्या उतरून मैदानात आला तेव्हा माळी कोपऱ्यांतली निशाणं उपटत होता.

“दमलास?”

“नाही, सर.”

“दमला असतास तर बरं वाटलं असतं मला. अर्धा वेळ कमरेवर हात ठेवून उभा होतास.”

“ते... तो तसा उभा राहतो, सर.”

“कळलं मला ते. तो गोलही मी टीव्हीवर पाहिलाय. चांगला मारलास. त्याने याहून चांगला मारला होता.” आवाजात खोच नव्हती, नुसता थकवा होता. “तू शाळेच्या टीममध्ये होतास तेव्हा मी तुला बघितलं होतं. मैदानावर औषधालाही गवत नव्हतं. बॉल मिळाला की तू सरळ समोरच्याच्या अंगावर जायचास. बाजूने वाट मोकळी असली तरी अंगावर. मला वाटलं, पोरगा येडा आहे, पण याला अडवावं कसं ते कुणाला सुचत नाहीये. तेव्हाच न्यायचं होतं तुला, पण तोवर इथे तुझ्या करारावर सह्या झाल्या होत्या. आज मी त्या येड्याला न्यायला आलोय.”

“तो आहे, सर.”

“मग दाखव.” म्हाताऱ्याने थर्मास गवतावर ठेवला आणि तो गोलच्या दिशेने जाऊन, चामडी बुटांनिशी, पाय फाकवून उभा राहिला. “ये. माझ्या अंगावर ये.”

झेरॉक्सने बॉल घेतला आणि निघाला. चार पावलांवर त्याचं अंग आपसूक डावीकडे झुकलं आणि तो उजवीकडून निसटला.

“हा टकल्याचा,” तो स्वतःच म्हणाला. “थांबा, परत येतो.”

परत आला. या वेळी बॉलवरून दोनदा पाय फिरला.

“लांबट्या,” तो म्हणाला. “एकदा, सर. फक्त एकदा.”

तिसऱ्यांदा तो बॉलवर पाय ठेवून उभा राहिला. समोर हात पसरून म्हातारा वाट बघत होता. गोल रिकामा होता, मैदानही रिकामं, आणि कठड्यापाशी बायको. सरळ जायचं, एवढंच तर होतं. डोळे मिटून तो शाळेचं मैदान आठवायला लागला. त्याला धूळ आठवली, सोबत्यांचा आरडाओरडा आठवला, तहानही आठवली. पण त्या वेळी आपण निघायचो कसे, पहिला पाय कुठला टाकायचो, हे काही केल्या आठवेना. माळी चारही निशाणं काखेत घेऊन निघून गेला. शेवटी झेरॉक्सने वाकून बॉल हातात उचलला.

“सॉरी, सर.”

म्हातारा जवळ आला. “माझ्याजवळ वेळ असता तर मी नेलं असतं तुला. एकेकाला तुझ्या अंगातून बाहेर काढलं असतं. पण आम्ही तळाला आहोत रे. मला पुढच्याच रविवारी माणूस उभा करायचाय.” तो आणखी काही बोलणार होता, पण नुसतं “जप स्वतःला” म्हणाला आणि निघाला.

बसमध्ये झेरॉक्स खिडकीकडे तोंड करून रडला. चांगला हुंदके देऊन रडला. बायकोने त्याची बॅग स्वतःच्या मांडीवर घेतली आणि मागच्या सीटवरून वाकून बघणाऱ्या बाईकडे असं काही पाहिलं की ती पुन्हा वाकली नाही. उतरायच्या जरा आधी ती म्हणाली, “मला आवडला तो गोल. कुणाचा का असेना.”

रविवारी खरा पेंगुळ्या आला आणि त्याची डाळ शिजली नाही. तो पेंगायला लागला की आपले दोन बचावपटू डोळे फाडून त्याच्याकडे बघत राहायचे. मॅच जिंकली. येणारा-जाणारा झेरॉक्सचा हात हातात घेत होता, धाकट्या सरांनी तर मिठीच मारली. ड्रेसिंग रूमच्या बोळातून बाहेर पडताना पेंगुळ्या त्याच्यासमोर आला. याला ओळखायचं त्याला काहीच कारण नव्हतं. “बाथरूम कुठे आहे?” त्याने विचारलं. झेरॉक्सने हाताने दाखवलं. इतक्या जवळून पाहिल्यावर त्याला दिसलं की हा माणूस पेंगत नाही, फार थकलेला आहे. सोंगात हे आपण घ्यायला हवं होतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं आणि त्याला स्वतःची किळस आली.

सोमवारी त्याने सही केली. ऑफिसात मोठे सर नव्हते, धाकटेही नव्हते. सह्या घेणारी मुलगी घाईत होती.

“फोटो काढायचा का?” त्याने विचारलं. सरावाचे कपडे सोडून तो मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

“कशाला? तुमचा आहे आमच्याकडे, पहिल्या कराराच्या वेळचा. तोच टाकते, छान आहे. जरा कापून घेते फक्त.”

संध्याकाळी क्लबाच्या पानावर बातमी आली. ‘आणखी चार वर्षं आमच्यासोबत.’ बायकोने फोन त्याच्यापुढे धरला. अठरा वर्षांचा झेरॉक्स दात दाखवून हसत होता. त्या दिवशी फोटोत बाबाही शेजारी उभे होते, शेजाऱ्यांचा कोट घालून, याच्या खांद्यावर हात ठेवून. मुलीने बाबांना कापून टाकलं होतं. तिला तरी काय माहीत, हे कोण? फक्त खांद्यावरचा हात तेवढा कापता आला नव्हता. सायकली दुरुस्त करून अंगठ्याचं काळं पडलेलं नखसुद्धा स्पष्ट दिसत होतं.

दोघं ते बघत असतानाच बाबांचा फोन आला.

“बाळा, मामाने फोटो पाठवलाय रे! झकास आलाय. या सात वर्षांत काही फरक नाही तुझ्यात. अगदी तसाच्या तसा!”

“हो, बाबा.”

“आणि चेहऱ्यावर तेज बघ केवढं! उगीच म्हणत असतोस, कंटाळा आलाय, कंटाळा आलाय.”

“हो.”

“बरं, खांद्यावर तो हात कुणाचा रे? अर्धाच दिसतोय. मोठ्या सरांचा का?”

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. झेरॉक्सने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

“हो, बाबा. मोठ्या सरांचाच.”

“वाटलंच मला. किती आपुलकीने ठेवलाय बघ! असं कुणी पाठीशी असलं की मला इथे घोर नाही.” बाबांचा आवाज भरून आला होता. “जेवलास?”

“जेवलो. तुम्ही?”

“आता बसतोच आहे. पुन्हा एकदा बघतो फोटो आणि बसतो.”

“बघा,” तो म्हणाला, आणि बाबांनी फोन ठेवेपर्यंत तसाच उभा राहिला.